चारने हरलात तर चालेल

फोन आला तेव्हा थोरली हॉस्पिटलच्या कपड्यांच्या खोलीत धुऊन आलेल्या चादरी फडताळात लावत होती. फोन धाकटीचा होता.

"ताई, रविवारी आम्ही येत नाही. टीमच उरली नाही. सचिवांना आत्ताच कळवते आहे, म्हटलं तुला आधी सांगावं."

थोरलीने हातातली चादर तशीच खाली टाकली. बहिणीबद्दल वाईट वाटायला हवं होतं, पण मनात आधी आनंदाच्या उकळ्या फुटल्या.

त्याला कारण होतं. शहरातल्या कामाच्या ठिकाणांच्या आठ टीमची ही बायकांची फुटबॉल लीग. सगळ्यांनी सगळ्यांशी दोन-दोनदा खेळायचं आणि वरच्या चार टीमनी बाद फेरीत जायचं. थोरली हॉस्पिटलच्या टीमची कॅप्टन आणि गोलकीपर. नर्सा, आया, स्वयंपाकघरातल्या दोघी आणि कोच म्हणून अँब्युलन्सचा ड्रायव्हर, अशी ही टीम आजवर कधी बाद फेरीच्या आसपासही पोचली नव्हती. यंदा मात्र त्यांचे सगळे सामने संपले होते, एकोणीस पॉइंट झाले होते आणि त्या चौथ्या होत्या. पाठीमागे फक्त टपाल खात्याची टीम होती, सोळा पॉइंट आणि एक सामना शिल्लक. तो सामना धाकटीच्या बिस्किट कारखान्याशी होता.

बिस्किटवाल्या म्हणजे लीगचं हक्काचं गिऱ्हाईक. तेरा सामने खेळल्या, तेराही हरल्या, आणि अख्ख्या मोसमात एक गोल केला नव्हता. टपालवाल्या त्यांना हरवणार हे ठरलेलंच होतं. मग दोघींचे एकोणीस-एकोणीस होणार आणि निकाल लागणार गोलफरकावर, म्हणजे केलेले गोल वजा खाल्लेले गोल. तिथे हॉस्पिटल पाचने पुढे होतं. टपालवाल्यांनी पाच गोलच्या फरकाने सामना मारला तर मात्र वांधे. थोरलीची आठवडाभर झोप उडाली होती ती त्या पाचांपायी.

आणि आता सामनाच नाही! न आलेल्या टीमला तीन-शून्यने हरवलं असं धरतात, एवढं तिला ऐकून माहीत होतं. तीन म्हणजे पाचाच्या आत. सुंठेवाचून खोकला गेला.

तिने धाकटीला "अगं, वाईट झालं गं" म्हटलं, फोन ठेवला, आणि ही बातमी घेऊन सगळ्या वॉर्डांमधून हिंडून आली. कोचने अँब्युलन्सच्या खिडकीतून दोन्ही हात वर केले. मात्र खाली आणताना तो म्हणाला, "पण एकदा सचिवांना विचारून घे. त्यांचं नियमांचं काय सांगता येत नाही."

लीगच्या सचिवांचं चष्म्याचं दुकान होतं. ड्युटी संपल्यावर थोरली तिथे गेली, तेव्हा ते एका फ्रेमचा स्क्रू पिळत होते. बारीक आवाजाचा, कधीही न चिडणारा माणूस. त्यांनी तिला गिऱ्हाइकांच्या खुर्चीत बसवलं, स्क्रू घट्ट केला आणि मग म्हणाले, "तीन-शून्य एखाद्या सामन्याला आलं नाही तर. बिस्किटवाल्यांनी लीगच सोडतो म्हणून कळवलंय. टीमने लीगच सोडली, तर तिचे झालेले सगळे सामने रद्द. कुणाशीही झालेले."

"सगळे म्हणजे?"

"म्हणजे ते झालेच नाहीत असं धरायचं. तुम्ही बिस्किटवाल्यांना दोनदा हरवलंत. ते सहा पॉइंट गेले. नऊ गोल केलेत, तेही गेले. टपालवाल्यांनी त्यांना एकदाच हरवलंय, त्यांचे तीनच गेले." त्यांनी एका पाकिटाच्या पाठीवर आकडे मांडून पाकीट तिच्याकडे फिरवलं. "तुम्ही तेरा, त्या तेरा. गोलफरक तुमचा दोन, त्यांचा चार. चौथ्या त्या."

थोरली त्या पाकिटाकडे बघतच राहिली. दुकानातल्या चारही भिंतींवरून रिकाम्या फ्रेमा तिच्याकडे बघत होत्या.

"काका, आम्ही खेळलो. माझ्या सेंटर हाफचा दात पडला त्या सामन्यात. तो काय परत उगवला?"

"दात पडला हे खरं आहे," सचिव म्हणाले. "सामना धरता येत नाही."

"हा कुठला न्याय?"

"आता असं बघा. तुमचे त्यांच्याशी दोन्ही सामने झाले, म्हणून तुम्हाला सहा पॉइंट. टपालवाल्यांचा एकच झाला. दुसरा होणारच नाही, त्यात त्यांची काय चूक? म्हणून कुणालाच काही नाही."

माणूस चुकीचं बोलत असता तर थोरलीने त्याला चांगलं फैलावर घेतलं असतं. तो बरोबर बोलत होता आणि तेही इतक्या सौम्यपणे, की तिला समोरचा काचेचा ट्रे भिरकावून द्यावासा वाटला.

"अहो, पण आम्ही तर टपालवाल्यांना हरवलंय. एक सामना जिंकलो, एक बरोबरीत. पॉइंट सारखे झाले तर आधी तेच बघायला नको का, समोरासमोर कोण भारी ते?"

"बऱ्याच लीगमध्ये तसं आहे," सचिव म्हणाले. "आपल्याकडे आधी गोलफरक, मग केलेले एकूण गोल, मग समोरासमोरचे सामने. वार्षिक सभेत बदल सुचवता येईल तुम्हाला."

"आणि रविवारी?"

"रविवारी बिस्किटवाल्या मैदानात उतरल्या तर लीग सोडणं मागे घेतलं असं धरतो, प्रश्नच मिटला. सात जणी असल्या तरी रेफ्री शिट्टी मारतो. सातच्या खाली नाही."

---

धाकटी आईजवळ राहायची. थोरली तिथे पोचली तेव्हा ती दिवसपाळी करून येऊन जमिनीवर पाय पसरून बसली होती. तिच्या कपड्यांना, केसांना, सगळ्या घराला व्हॅनिलाचा गोड वास होता. आई पलीकडे भाजी निवडत होती.

कारखान्याला नवीन मोठी ऑर्डर मिळाली होती आणि रविवारचीही पाळी लागली होती. त्याआधीच तिघींनी नोकरी सोडली होती, गोलकीपर बाळंतपणाला गेली होती. धाकटी हे सगळं सांगत होती, पण थोरलीचं अर्धंच लक्ष होतं.

"तुझ्याजवळ सात तर असतील ना?" तिने मध्येच विचारलं.

"कशाला?"

थोरलीने सांगितलं. पॉइंट, गोलफरक, रद्द सामने, सगळं. शेवटी म्हणाली, "तुम्ही फक्त उभ्या राहा. सगळ्या जणी गोलपुढे. जिंकायचं नाहीच आहे. चारने हरलात तर चालेल. पाचने नको, कारण मग फरक सारखा होतो, आणि एकूण गोल त्यांचे जास्त आहेत. चारपर्यंत काही हरकत नाही."

धाकटीने पाय जवळ ओढले. "काही हरकत नाही," ती म्हणाली. "छान. तेरा सामने झाले आमचे. त्यातला एक तरी बघायला आलीस?"

"दोन तर माझ्याशीच होते."

"त्यात तू समोर होतीस. पाच मारलेत, मग चार. दुसऱ्या वेळी शेवटच्या मिनिटाला तुझ्या त्या स्वयंपाकघरवालीने चौथा मारला तेव्हा तू शंभर पावलांवरून ओरडलीस, 'अजून एक!' ऐकलं मी."

"अगं, गोलफरकासाठी—"

"तेच म्हणते आहे मी. आम्ही म्हणजे तुमचा गोलफरक."

आईने मान वर केली नाही. "भांडायचं असेल तर ही मेथी निवडता निवडता भांडा," ती म्हणाली. दोघी बहिणी गुमान जुडीला लागल्या.

अर्धी जुडी निवडून झाली. मग धाकटीच म्हणाली, "मलाही सोडायचं नव्हतंच. सोडलं की आमचंही सगळं रद्द होतं. एवढे सामने हरलो, ते तरी आमच्या नावावर राहू देत. बघते मी. पण तुझ्यासाठी नाही हां, ताई."

"माझ्यासाठी नको. सात जणी आण म्हणजे झालं."

सात जणी आणणं म्हणजे काय असतं ते पुढच्या तीन दिवसांत दोघींना कळलं. सगळ्यांत उंच असलेली लंबू तयार झाली, पण ती आयुष्यात कधी गोलमध्ये उभी राहिली नव्हती. पॅकिंगची मुकादमबाई पन्नाशीला टेकलेली, तिला गुडघ्याला पट्टा लागायचा. चष्मिश तयार होती, पण तिची आई तयार नव्हती, तेव्हा थोरलीला तिच्या आईपुढे जाऊन तास घालवावा लागला. ओव्हनवरच्या दोघी सख्ख्या जावा होत्या आणि त्यांचं वॉशिंग मशीनवरून बोलणं बंद होतं. "ती येणार असेल तर मी नाही," असं दोघींनीही वेगवेगळं कळवलं. थोरलीने एकीला डावीकडे आणि दुसरीला उजवीकडे खेळवायचं, मध्ये मुकादमबाई, असा तह घडवून आणला. एवढं करून सहाच झाल्या. सातवी म्हणून ऑफिसातली टायपिस्ट सापडली. मोसमाच्या सुरुवातीला यादी भरावी म्हणून तिचं नाव घातलं होतं. बुटांचे खिळे बघून तिने विचारलं, "हे जमिनीत रुततात तेव्हा पाय निघतो ना?"

सुपरवायझर मात्र अडून बसला. रविवारी सात जणी एकदम सोडायच्या तर शनिवारी त्यांनी लागोपाठ दोन पाळ्या करायच्या, म्हणाला. त्यांनी केल्या.

हॉस्पिटलमध्ये थोरलीच्या टीमला हे सगळं सांगून सांगून तिचा घसा बसला होता. "म्हणजे त्या हरायला हव्यात, पण फार नाही?" एक नर्स विचारायची. "हो." "आणि आल्याच नाहीत तर आपण हरतो?" "हो." "आणि आपण काय करायचं?" "काही नाही. बघायचं." या शेवटच्या उत्तरापाशी थोरलीच्या डोक्यात दर वेळी तिडीक जायची.

---

रविवारी मैदानाच्या कडेला उभं राहायला जागा नव्हती. एरवी बिस्किटवाल्यांच्या सामन्याला रेफ्रीखेरीज कुत्रं फिरकत नसे. आज हॉस्पिटलची अख्खी पलटण आली होती, टपालवाल्यांची माणसं आली होती, आणि कारखान्यातल्याही कुणी कुणी, ज्यांची पाळी नव्हती त्या, पोरंबाळं घेऊन आल्या होत्या. सचिव एका टोकाला छत्री उघडून बसले होते.

सात जणी मैदानात आल्या. दोन पाळ्यांचा शीण त्यांच्या चालण्यात दिसत होता. समोर अकरा टपालवाल्या होत्या आणि कुंपणाशी आणखी पाच जणी अंग मोकळं करत होत्या.

थोरली बिस्किटवाल्यांच्या गोलच्या मागे, जाळीला नाक लावून उभी राहिली. ती स्वतः गोलकीपर. समोर लंबू हात कुठे ठेवावेत ते न कळून उभी, आणि आपण तिच्या पाठीमागे. दहाच मिनिटांत चेंडू बाजूने आला आणि लंबू त्याच्याकडे पाहुणा आल्यासारखी बघत राहिली. एक-शून्य.

"पुढे ये! अगं, कोपरा झाक! गुडघे वाकव!" थोरली ओरडत होती. लंबू दर वेळी "हो, हो" म्हणून मागे वळून बघायची, आणि त्या वळून बघण्यातच दुसरा गोल झाला. तेव्हा रेफ्री धावत आला. "बाई, तुम्ही कोण? खेळाडू नाही, कोच नाही. कुंपणापलीकडे व्हा."

"मी फक्त सांगते आहे तिला."

"तिला खेळू द्या."

मध्यंतराला दोन-शून्य होतं. खरं तर हे फारच चांगलं होतं. मुकादमबाई मध्ये खांबासारखी उभी होती आणि निम्मे चेंडू तिलाच लागून परत जात होते. जावांनी एकमेकींकडे न बघता दोन्ही बाजू बंद केल्या होत्या. टायपिस्टला कुणीतरी सांगितलं होतं की टपालवाल्यांच्या सात नंबरच्या मागे मागे फिर, तर ती बिचारी सात नंबर पाणी प्यायला गेली तेव्हाही तिच्या मागे गेली होती. हॉस्पिटलवाल्या हळूहळू टाळ्या वाजवायला लागल्या. कोच थोरलीच्या कानाशी येऊन म्हणाला, "अजून दोन खाल्ले तरी आपण आत."

धाकटी पाणी प्यायला कुंपणाशी आली. पायमोजा फाटून पोटरी खरचटली होती.

"मस्त चाललंय," थोरली म्हणाली. "असंच. पुढे जाऊच नका. चेंडू मिळाला की लांब मार, बास."

धाकटीने अर्धी बाटली पाणी डोक्यावर ओतलं आणि मैदानात परत गेली.

दुसऱ्या अर्ध्यात तिसरा गोल लवकर झाला. मग बराच वेळ काहीच झालं नाही. टपालवाल्या चिडून आपसात भांडायला लागल्या, लांबून लांबून मारायला लागल्या, आणि लंबूला अचानक कसा कोण जाणे सूर सापडला. तिने एक चेंडू पायाने अडवला, एक तोंडाने. थोरली कुंपणाचा गज दोन्ही हातांनी धरून उभी होती आणि तोंडातल्या तोंडात "संपव रे, संपव" म्हणत होती. मग चौथा झाला, मुकादमबाईच्या पट्ट्यावरून वळून. चार-शून्य. पाचेक मिनिटं उरली होती.

"उभ्या राहा!" थोरली ओरडली. "सगळ्या मागे! आता काही करू नका!"

टपालवाल्यांना कॉर्नर मिळाला. पाचवा गोल हवा म्हणून त्यांच्या सगळ्या पुढे आल्या, गोलकीपरसुद्धा अर्ध्या मैदानापर्यंत आली. चेंडू उंच आला, लंबूने दोन्ही मुठींनी तो ढकलला आणि तो घरंगळत धाकटीच्या पायाशी आला. तिच्यापुढे सगळं मैदान मोकळं होतं.

"लांब मार!" थोरली ओरडली. "बाहेर मार!"

धाकटीने चेंडू बाहेर मारला नाही. तिने तो पुढे ढकलला आणि त्याच्यामागे धावत सुटली.

"अगं, परत ये! कुठे चाललीस? परत ये!"

हे ओरडणारी त्या सबंध मैदानात थोरली एकटीच होती. बाकी सगळे "जा! जा!" करत होते. कारखान्याच्या बायका, त्यांची पोरं, एवढंच काय, हॉस्पिटलच्याही दोघी-तिघी. धाकटीच्या पायांत जीव उरला नव्हता हे लांबूनही दिसत होतं. ती धावत कमी आणि पुढे पडत जास्त होती. टपालची गोलकीपर उलट्या पावली मागे पळाली, घसरली. धाकटीने चेंडू नीट मारलाही नाही. तो नडगीला लागला आणि हळूहळू, अगदी चालत गेल्यासारखा, आत गेला.

चार-एक.

थोरलीचे हात आपोआप वर गेले होते. ते तिने खाली आणले. फरक आता तीन. म्हणजे उलट चांगलंच की! ती कोचकडे वळून हे सांगणार, तोवर समोर बघते तो काय, सातही जणी टपालच्या गोलपाशी एकमेकींच्या अंगावर पडल्या होत्या. लंबू आपला गोल सोडून सगळं मैदान ओलांडून तिकडे पोचली होती. दोघी जावा एकमेकींना कवटाळून रडत होत्या. टायपिस्ट उड्या मारत होती.

"परत या गं! सामना संपला नाही अजून!"

त्या परत आल्या, पण आल्या त्या लग्नाहून आल्यासारख्या. हसत, वारा घेत, एकमेकींच्या पाठीवर थापा मारत. मध्यरेषेवर खेळ सुरू झाला आणि दोन पासांत टपालवाल्या लंबूपुढे होत्या. पाच-एक. फरक चार. अजूनही चालेल, थोरली स्वतःला म्हणाली, अजूनही चालेल. चष्मिश जमिनीवर बसली, तिच्या पोटरीत गोळा आला होता. रेफ्रीने घड्याळ बघितलं. धाकटी उभी होती पण ती पलीकडच्या गोलकडेच बघत होती, मघाच्या जागेकडे. तिच्या डाव्या बाजूने सात नंबर निघाली. टायपिस्ट तिच्यामागे धावली, आणि तिचा बूट रुतून पायातून निघाला.

सहा-एक. लगेच लांब शिट्टी झाली.

---

सचिवांनी छत्री मिटली, बोटांवर दोनदा मोजलं आणि थोरलीकडे आले. "पॉइंट सारखे. गोलफरक सारखा. एकूण गोल त्यांचे तीन जास्त आहेत." मग म्हणाले, "फार थोडक्यात गेलं."

"थोडक्यात गेलं म्हणजे गेलंच ना, काका."

हॉस्पिटलच्या पोरी गवतावर बसल्या होत्या. कोचने गाडीची किल्ली काढली, खिशात घातली, परत काढली.

धाकटी लंगडत कुंपणाशी आली. सगळा चेहरा मातीने माखलेला आणि त्यात दात नुसते चमकत होते. "ताई! बघितलास?"

"बघितला."

"अगं, गोल केला मी! आमचा पहिला—"

"तुला बाहेर मार म्हटलं होतं. एवढं एकच सांगितलं होतं. तीन दिवस मी तुमच्यासाठी दारोदार फिरले. त्या चष्मिशच्या आईच्या हातापाया पडले."

धाकटीचं हसू हळूहळू मावळलं. "गोल केल्यामुळे नाही गेलं. गोलने तुमचा फायदाच झाला."

"आणि मग वरात काढलीत, त्यानेही फायदाच झाला?"

"सहा-सात महिने हरतोय आम्ही. अर्धं मिनिट हसलो."

"त्या अर्ध्या मिनिटात माझ्या अठरा जणींचं वर्ष गेलं."

"तुझ्या अठरा जणींनी आम्हाला एक गोल जास्त मारला असता तर गेलं नसतं," धाकटी म्हणाली आणि वळून आपल्या टीमकडे गेली. तिकडे मुकादमबाई कुणाच्या तरी पोराला खांद्यावर घेऊन नाचत होती, गुडघ्याच्या पट्ट्यासकट.

टपालवाल्या बाद फेरीत पहिल्याच सामन्यात आपटल्या. चार-शून्य. हे ऐकून बरं वाटेल असं थोरलीला वाटलं होतं. बरं वाटायच्या ऐवजी तिचा आणखीच संताप झाला. त्या जागी आपण असतो तर निदान एखादा अडवला असता, हे तिने नवऱ्याला इतक्यांदा ऐकवलं, की शेवटी तो बिचारा तिचं वाक्य तिच्याआधीच पुरं करायला लागला.

बहिणींचं बोलणं आईच्या मार्फत चालू होतं. "तिला सांग, माझी पिशवी तिच्याकडे आहे." "तिला सांग, नेऊन टाक म्हणावं." आई एके दिवशी म्हणाली, "मी काय टपाल खातं आहे का?" आणि मग त्या नावानेच थोरलीचं डोकं पुन्हा फिरलं.

तिने आपला सगळा राग वार्षिक सभेसाठी राखून ठेवला. चष्म्याच्या दुकानामागच्या खोलीत आठ टीमच्या आठ प्रतिनिधी बसल्या. थोरलीने उभं राहून मांडलं: पॉइंट सारखे झाले तर आधी समोरासमोरचे सामने बघावेत, गोलफरक त्यानंतर. "दोन टीममधला निकाल त्या दोघींनीच लावावा," ती म्हणाली. "तिसऱ्या कुणाला किती गोल पडतात याची वाट बघत आम्ही कुंपणाला का लटकायचं?" ती चांगली बोलली. शाळेतल्या बाईंनी मान डोलावली, बँकवालीने बाक वाजवला. टपालवाली अर्थातच विरुद्ध होती.

मग बिस्किट कारखान्याची प्रतिनिधी उठली. धाकटीने बहिणीकडे न बघता सचिवांकडे बघून बोलायला सुरुवात केली.

"आम्ही दर वर्षी शेवटच्या असतो. हा नियम बदलला तर आम्हाला दोन गोल पडले काय नि दहा पडले काय, कुणाला फरक पडणार? शेवटच्या सामन्याला मैदान भरलं होतं. आमच्यासाठी नव्हतं भरलं, माहीत आहे मला. पण लंबूने एक एक चेंडू अडवला तेव्हा लोक श्वास रोखून बघत होते. आम्हाला पडणाऱ्या चौथ्या-पाचव्या गोलला काहीतरी किंमत होती. गोलफरक मागे टाकलात की आमचे सामने परत रिकाम्या मैदानात. मग पुढच्या वर्षी सात जणी तरी कशासाठी येतील?"

थोरली खाली मान घालून टेबलावरची एक चष्म्याची डबी उघडत आणि मिटत राहिली.

सचिवांनी हात वर करायला सांगितले. बाजूने चार, विरुद्ध चार. विरुद्धच्या चारांत धाकटीचा हात होता, सगळ्यांत उंच.

"बरोबरी," सचिव म्हणाले. "मतं सारखी पडली तर जुना नियम कायम राहतो."

"ते तरी कुठे लिहिलंय?" थोरलीने विचारलं.

"सतरावं कलम," सचिव नम्रपणे म्हणाले.

बाहेर पडल्यावर थोरली तरातरा चालत निघाली. धाकटी मागून येत होती; पोटरी कधीच बरी झाली होती, तरी तिला बहिणीइतकं झपाझप चालता येत नव्हतं. बसच्या थांब्यावर दोघींना एकाच बसची वाट बघायची होती. बस काही येईना.

"चुकीचं बोलले का मी?" धाकटीने शेवटी विचारलं.

"नाही," थोरली म्हणाली. "म्हणून तर डोकं उठलंय माझं. त्या चष्मेवाल्याचं बरोबर, तुझं बरोबर. सगळ्यांचं बरोबर आणि आम्ही घरी." तिने पर्समधून रुमाल काढून मान पुसली. "किती जणी आहात आता?"

"नऊ. जावा दोघी येतात, बोलतातसुद्धा. टायपिस्ट येते."

"आणि गोलमध्ये?"

"लंबूच."

"ती चेंडूकडे न बघता माझ्याकडे बघते," थोरली तुटकपणे म्हणाली. "शनिवारी संध्याकाळी मला ड्युटी नसते. पाठव तिला हॉस्पिटलच्या मागच्या मैदानावर. आणि हे आमच्या पोरींना कळता कामा नये."

"कळलं तर?"

"कळलं तर त्या मला धुतील आणि फडताळात लावतील."

बस आली. ती खच्चून भरलेली होती. धाकटी चढली, थोरली मागोमाग चढली, आणि रागातच, बहिणीकडे न बघता, तिने दोघींची तिकिटं काढली.